दुसऱ्याच्या फिल्मवर

मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या 'ला सिनेफ' विभागात, म्हणजे जगभरच्या फिल्म स्कूलांतल्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या स्पर्धेत, पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेच्या एका लघुपटाला पहिलं बक्षीस मिळालं. ही फिल्म तिथल्या टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातली होती. वर्षाच्या शेवटी दिग्दर्शन, छायालेखन (कॅमेरा), संकलन आणि ध्वनी या चार शाखांतले चार विद्यार्थी मिळून एक प्रोजेक्ट करतात, त्यातलं हे एक. दिग्दर्शक चिदानंद नाईक यांचं नाव दुसऱ्या दिवशी सगळीकडे झळकलं, आणि ते रास्तच. छायालेखन सूरज ठाकूर, संकलन मनोज व्ही., ध्वनी अभिषेक कदम ही उरलेली तीन नावं मात्र शोधून काढावी लागत होती.

पत्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. फिल्म स्कूलविषयी आपली सगळी चर्चाच या चालीवर चालते. सिनेमा शिकवून येतो का? मोठमोठे दिग्दर्शक कुठल्या शाळेत गेले होते? सरकारने लोकांच्या पैशातून या मुलांना वर्षानुवर्षं का पोसावं? तिन्ही प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच माणूस असतो, टोपी घालून कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला दिग्दर्शक. प्रत्यक्षात फिल्म स्कूलमधल्या विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ स्वतःच्या फिल्मवर जातच नाही, तो दुसऱ्याच्या फिल्मवर जातो. माझ्या मते खरा अभ्यासक्रम तोच आहे. वेळ, पैसा, गुण, तक्रारी यांचे सगळे नियम त्यावरून ठरायला हवेत. तसे ते ठरत नाहीत, आणि विद्यार्थ्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

एका शाखेत साधारण दहा-बारा विद्यार्थी असतात. दिग्दर्शनाच्या प्रत्येकाला आपल्या फिल्मसाठी कॅमेरा, ध्वनी आणि संकलनाचा एकेक साथीदार याच मुठभर लोकांतून मिळवायचा असतो. त्यामुळे या आठवड्यात एका फिल्मचा छायालेखक असलेली मुलगी पुढच्या आठवड्यात वर्गमित्रासाठी फोकस ओढते (चित्र धूसर होऊ नये म्हणून लेन्स फिरवत राहते), आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कुणासाठी तरी प्रकाश परतवणारा थर्माकोलचा पत्रा धरून तासन्‌तास उभी राहते. ज्याच्या फिल्मवर काल तुम्ही कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलली, तो आज तुमच्या फिल्मवर क्लॅप देतो. यातून जे शिकायला मिळतं ते वर्गात सांगून कळत नाही.

ध्वनीच्या विद्यार्थ्याचंच बघा. शॉट झाला, दिग्दर्शकाने 'ओके' म्हटलं, सगळे पुढच्या सेटअपच्या मागे लागले की हा हात वर करतो: रूम टोन हवाय. तीस सेकंद कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, पंखा बंद, फोन बंद. त्या खोलीची नुसती शांतता तो रेकॉर्ड करून घेणार. छायालेखकाला ऊन उतरायच्या आत पुढचा शॉट हवा असतो, दिग्दर्शक मनातल्या मनात शिव्या मोजत असतो. तीन आठवड्यांनी संकलनाला बसल्यावर दोन वेगवेगळ्या टेकमधले संवाद जोडले की मधल्या जागी आवाज एकदम 'मरतो', कान दचकतो. तिथे ती तीस सेकंदांची शांतता अंथरली की सांधा बुजतो. पुस्तकात ही गोष्ट एका वाक्यात लिहिलेली असते आणि ते वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण संकलनाच्या टेबलावर एकदा फजिती झाली, की पुढच्या शूटिंगला दिग्दर्शक स्वतःच ओरडतो, "कुणी हलू नका रे."

संकलनाच्या खोलीतलं शिक्षण जास्त कडू. अर्धी रात्र घालून घेतलेला एक लांबलचक ट्रॉली शॉट असतो, दिग्दर्शकाचा लाडका. संकलक म्हणते, हा नको. तो म्हणतो, हा गेला तर फिल्मच गेली. दोन दिवस अबोला. मग ती काही न सांगता तो शॉट काढून फिल्म दाखवते आणि दिग्दर्शकाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं तेव्हा तो चिडतो, परत एकदा बघतो आणि गप्प बसतो. उलटंही होतं: शॉट ठेवावाच लागतो आणि संकलकाला मान्य करावं लागतं की आपल्याला तो समजलाच नव्हता. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःचंच फुटेज कापणाऱ्याला 'हा नको' म्हणणारं कुणी नसतं. मोबाईलने आणि स्वस्त सॉफ्टवेअरने फिल्म स्कूलची गरज संपवली असं म्हणणारे नेमकं एवढंच विसरतात. यंत्र स्वस्त झालं ही चांगली गोष्ट आहे. विरोध करणारा साथीदार त्याच्यासोबत डब्यात येत नाही.

(रीळ जाऊन मेमरी कार्ड आल्याने शिकण्याची एक शिस्त हरवली, ही तक्रार मात्र अगदीच म्हातारपणाची नाही. ३५ मि.मी.चं चारशे फुटांचं रीळ साडेचार मिनिटांच्या आतच संपतं. विद्यार्थ्याला मोजून रिळं मिळायची, तेव्हा तालीम झाल्याशिवाय कॅमेरा सुरूच व्हायचा नाही. आता दहा मिनिटांच्या फिल्मसाठी तासन्‌तास फुटेज येतं, आणि निर्णय घेण्याचं ओझं दिग्दर्शकाच्या डोक्यावरून संकलकाच्या टेबलावर येऊन पडतं.)

या एकमेकांवर अवलंबून असण्यातून भांडणंही निघतात आणि ती जुनी आहेत. १९७०च्या दशकाच्या मध्यात, गिरीश कर्नाड एफटीआयआयचे संचालक असताना, अभिनयाचे विद्यार्थी संपावर गेले. त्यांच्यात नसीरुद्दीन शाह होते. तक्रार अशी की दिग्दर्शनाचे विद्यार्थी डिप्लोमा फिल्ममध्ये, म्हणजे कोर्सच्या शेवटच्या फिल्ममध्ये, आम्हाला भूमिकाच देत नाहीत. दिग्दर्शनाच्या मुलांचं म्हणणं, आमच्या फिल्ममध्ये कोण असावं हे आम्हीच ठरवणार. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. दिग्दर्शकाची पात्रनिवड ही त्याच्या कामाचा गाभा आहे. पण अभिनयाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याची फिल्म मिळालीच नाही, तर तो सगळा कोर्स आरशासमोर अभिनय करणार का? हा वाद कलेच्या स्वातंत्र्याचा आहे असं समजून घातला गेला, पण होता तो वेळापत्रकाचा आणि नियमाचा. सुरुवातीच्या सरावाच्या फिल्ममध्ये संस्थेतल्याच नटांना घ्यायचं बंधन, शेवटच्या फिल्मला मोकळीक, एवढी साधी वाटणी बसली असती. पुढे अभिनयाचा अभ्यासक्रमच बंद पडला आणि थेट २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात किती नट तयार व्हायचे राहिले, याचा हिशेब कुणी मांडणार नाही.

आणि हे जमलं की काय होतं? कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों' (१९८३) घ्या. दिग्दर्शक पुण्याचा विद्यार्थी, छायालेखक बिनोद प्रधान पुण्याचे, संकलक रेणू सलुजा पुण्याच्या. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचे जेमतेम पैसे, आणि पडद्यावर तो सगळा सुरळीत गोंधळ. एवढ्या थोड्या पैशांत एवढी अवघड विनोदी फिल्म उभी राहते तेव्हा युनिटमध्ये समजावून सांगायला वेळ नसतो, अर्ध्या वाक्यात समोरच्याला कळावं लागतं. अर्ध्या वाक्यात कळण्याची ही सवय सरावाच्या फिल्म एकत्र केल्यानेच लागते. त्याआधीचं उदाहरण के. के. महाजन यांचं. १९६६ मध्ये ते पुण्याहून छायालेखन शिकून बाहेर पडले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत मृणाल सेन यांचा 'भुवन शोम', बासू चॅटर्जींचा 'सारा आकाश' आणि मणी कौल यांचा 'उसकी रोटी' हे तिन्ही त्यांनी चित्रित केले. हिंदीतल्या नव्या सिनेमाची सुरुवात आपण या तीन दिग्दर्शकांच्या नावाने सांगतो. तिघांची वळणं तीन दिशांची, कॅमेऱ्याला लागलेला डोळा मात्र एकाचाच. पुण्यातच शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं तेव्हा पुण्यात ध्वनी शिकवतात हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

आता वेळेकडे येतो, कारण सार्वजनिक रोष इथेच सगळ्यात जास्त असतो. तीन वर्षांचा कोर्स आणि मुलं सात-सात वर्षं कॅम्पसवर! ऑगस्ट २०१५ मध्ये एफटीआयआयमध्ये २००८च्या बॅचच्या डिप्लोमा फिल्म अजून अपुऱ्या होत्या. त्या जशा आहेत तशा तपासून निकाल लावायचा असं प्रशासनाने ठरवलं. विद्यार्थ्यांनी संचालकांना घेराव घातला, मध्यरात्री पोलीस आले, काही विद्यार्थ्यांना अटक झाली. अध्यक्षांच्या नेमणुकीवरून चाललेला १३९ दिवसांचा संप तेव्हा भरात होता, त्यामुळे चर्चा सगळी राजकारणाची झाली. त्या प्रकरणाच्या खटल्यात नाव असलेल्या दिग्दर्शक पायल कपाडिया यांना २०२४ मध्ये कानचं ग्रां प्री मिळालं आणि अभिनंदन करणाऱ्यांत संस्थाही होती, हा आणखी एक मासला. पण अपुऱ्या फिल्मचा मूळ प्रश्न बाजूलाच पडला.

फिल्म अडकते कशी? चार जणांची साखळी. एक आजारी पडला की चौघे थांबतात. कॅमेरा दुरुस्तीला गेला, स्टुडिओची तारीख हुकली, शिक्षकाचं पद रिकामं म्हणून पटकथेला मंजुरी मिळाली नाही, की एका बॅचचा उशीर पुढच्या बॅचच्या तारखा खातो. आळशी विद्यार्थी नसतात असं मी म्हणणार नाही. 'माझी फिल्म अजून पिकतेय' म्हणत गच्चीवर बसलेले नग प्रत्येक फिल्म स्कूलमध्ये असतात. पण फिल्म जशी आहे तशी तपासायची म्हटलं तर शिक्षा कुणाला होते? दिग्दर्शकाचं आणि छायालेखकाचं काम निदान फुटेजमध्ये दिसतं. ध्वनीचं मिश्रण सगळ्यात शेवटी होतं. अपुऱ्या फिल्ममध्ये ते झालेलंच नसतं. म्हणजे उशीर केला एकाने, आणि ज्याची पाळीच आली नाही त्याला कोऱ्या पाटीवर गुण द्यायचे. कामाचा क्रम ज्याला माहीत आहे असा कुणीही हा निर्णय घेतला नसता. मुदत पाळायला लावायची असेल तर ती टप्प्याटप्प्याने लावा: चित्रीकरणाला एक, पहिल्या कटला (संकलनाच्या पहिल्या खर्ड्याला) एक, मिश्रणाला एक. ज्याचा टप्पा चुकला त्याला जाब विचारा आणि बाकीच्यांना दुसरी फिल्म द्या.

यावरचा ठरलेला आक्षेप मला माहीत आहे. सत्यजित राय कुठल्या फिल्म स्कूलमध्ये गेले होते? नव्हते गेले. आणि माझ्या म्हणण्याला त्याहून जड जाणारं उदाहरण त्यांच्या छायालेखकाचं आहे. 'पथेर पांचाली'चं काम सुरू झालं तेव्हा सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे होते आणि त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. म्हणजे तंत्रज्ञही शाळेशिवाय घडतो. खरं आहे. पण त्या फिल्मचं चित्रीकरण पैशांअभावी थांबत-थांबत सुमारे तीन वर्षं चाललं. चुकायला, चुकलेलं बघायला आणि पुन्हा करायला मित्र यांना अवधी मिळाला, एक हट्टी दिग्दर्शक मिळाला आणि एकमेकांना धरून राहिलेलं छोटं युनिट मिळालं. गरिबीने त्यांना जे अपघाताने दिलं, ते फिल्म स्कूल ठरवून देऊ शकतं. व्यावसायिक सेटवर आज नवख्या मुलाला तीन वर्षं चुकू देईल असा निर्माता मला दाखवा. आणि हेच सुब्रत मित्र आयुष्याच्या शेवटच्या काळात, १९९७ पासून २००१ पर्यंत, कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेत छायालेखन शिकवत होते. शाळेशिवाय शिकलेल्या माणसाला शाळा फुकट वाटली नाही.

पैशाचा प्रश्नही इथेच सुटतो, निदान सुटायला हवा. मॉस्कोची फिल्म स्कूल १९१९ मध्ये सुरू झाली तेव्हा देशात कच्ची फिल्मच मिळत नव्हती. तिथले शिक्षक लेव कुलेशोव्ह आपल्या विद्यार्थ्यांकडून रिळाविनाच 'फिल्म' करून घेत: दृश्यं रंगमंचावर शॉटसारखी बसवायची आणि कट पडल्यासारखी एकामागोमाग एक करायची. या गोष्टीचा उपयोग हल्ली 'साधनं नसली तरी चालतं' हे सांगायला केला जातो. मला त्यात वेगळंच दिसतं. रीळ नव्हतं, पण वर्ग होता, सगळे रोज भेटत होते, पुदोव्किनसारखे, पुढे मोठे दिग्दर्शक झालेले विद्यार्थी त्यात काम करत होते. साधनांत काटकसर करा हवी तर. माणसं एकत्र असण्यात काटकसर केली की शाळा उरत नाही. ऑनलाइन फिल्म कोर्सचं सगळ्यात मोठं उणेपण तेच आहे. त्यातलं व्याख्यान उत्तम असू शकतं, पण तुमच्या शॉटवर कुणाचा श्वास अडकला हे त्यात ऐकू येत नाही.

इथवर मी या व्यवस्थेचं कौतुक केलं. तिची अंधारी बाजू याच गोष्टीतून येते, आणि फिल्म स्कूल चालवणारे त्याबद्दल बोलायला नाखूश असतात. तुमची फिल्म जेव्हा दुसऱ्याच्या हातात असते, तेव्हा तुमचं तोंडही त्याच्या हातात असतं. रात्रीच्या शूटिंगला दिग्दर्शक घाणेरडं बोलला म्हणून ध्वनीची विद्यार्थिनी तक्रार करेल, पण त्याच्याच फिल्मचं मिश्रण तिला पुढच्या महिन्यात करायचं आहे आणि तिचे गुण त्या फिल्मवर आहेत. कायद्याप्रमाणे तक्रार समिती असते, फलकावर नावंही लिहिलेली असतात. पण समिती न्याय देईपर्यंत फिल्मचं काय, याचं उत्तर फलकावर नसतं. सलग अठरा तास चाललेल्या शूटिंगनंतर ट्रॉलीखाली बोट सापडलं तर 'सिनेमात असंच असतं' म्हणून पट्टी बांधली जाते, आणि मुलं ते अभिमानाने सांगतात. सिनेमात असंच असतं हे शिकवायला शाळा लागत नाही, बाहेरचा धंदा ते फुकट शिकवतो.

सत्ता वरून येते तेव्हा तर आणखी कठीण. डिसेंबर २०२२ मध्ये केरळात कोट्टयमजवळच्या के. आर. नारायणन फिल्म संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी संचालकांवर जातीय भेदभावाचे आरोप करत संप केला: प्रवेशात आरक्षण डावललं गेलं, सफाई करणाऱ्या महिलांना संचालकांच्या घरी कामाला लावलं गेलं. संप जानेवारीपर्यंत चालला, संचालकांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ अध्यक्ष अडूर गोपालकृष्णन यांनीही. या संपातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सफाई कामगारांचा प्रश्न विद्यार्थ्यांनी आपल्या मागण्यांत घेतला. सेटवर ज्याने केबल गुंडाळल्यात त्याला केबल गुंडाळणारा दिसायला लागतो, निदान लागावा. बर्लिनच्या फिल्म अकादमीनेही १९६८ मध्ये आंदोलन करणाऱ्या अठरा विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं, त्यांत पुढे नावाजलेले दिग्दर्शक हारून फारोकी होते. फिल्म स्कूलांत संप फार होतात असं नाक मुरडून म्हटलं जातं. ज्या अभ्यासक्रमात एकट्याला काहीच पुरं करता येत नाही, तिथले विद्यार्थी गाऱ्हाणंही एकत्रच मांडणार, यात नवल ते काय?

त्यामुळे माझ्या मागण्या किरकोळ आणि कारकुनी आहेत. तक्रार करणाऱ्याला गुण न गमावता युनिट बदलता आलं पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक सत्रात एखादी जास्तीची फिल्म संस्थेने राखून ठेवावी. विद्यार्थ्यांच्या शूटिंगला बारा तासांची मर्यादा हवी आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला कुणीतरी शिक्षक सेटवर हवा, खुर्चीत बसून का होईना. गुणपत्रिकेत स्वतःच्या फिल्मइतकंच वजन दुसऱ्याच्या फिल्मवर केलेल्या कामाला हवं. बूम (लांब दांड्याचा माइक) धरला, फोकस ओढला, हिशेब ठेवला, हे 'मदत केली' या शेऱ्याखाली जमा होऊ नये. आणि फिल्म दाखवल्यानंतरच्या चर्चेत, जिथे बहुतेक वेळा दिग्दर्शकाला उभं करून सोलतात आणि बाकीचे पायांकडे बघत बसतात, तिथे चौघांनीही उभं राहावं. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या चर्चेत इंग्रजीची भीती वाटून गप्प बसावं लागू नये, हे तर सांगायलाही नको, पण सांगावं लागतं.

गल्लोगल्ली निघालेल्या सहा महिन्यांच्या कोर्सांना हे सगळं परवडणारं नाही. त्यांचं गणितच निराळं: प्रत्येक विद्यार्थ्याला 'दिग्दर्शक' म्हणून एक फिल्म, पोस्टरवर नाव, आणि कॅमेरा-संकलन-ध्वनीसाठी संस्थेने पगारावर ठेवलेली माणसं. पालक खूश, विद्यार्थी खूश. पगारी संकलक विद्यार्थ्याला मालकाच्या मुलासारखं वागवतो आणि त्याचा लाडका ट्रॉली शॉट ठेवून देतो. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: इथे मला दुसऱ्याच्या फिल्मवर किती दिवस काम करायला मिळेल? प्रवेश देणारी व्यक्ती हा प्रश्न ऐकून गोंधळली, तर माहितीपत्रक परत करून निघावं.